मने

फॉरेस्टचा माणूस आला तेव्हा आम्ही साकव बांधत होतो.
भोमाळचा साकव दरवर्षी बांधायचा
आणि दरवर्षी वाहू द्यायचा.
बांबू, वेल, चार जुने टायर,
मग एकाने पलीकडे चालत जायचं आणि बाकीच्यांनी बघायचं.
यंदा चालण्याची पाळी बाबांची होती,
म्हणून मी बघत नव्हते.

त्याच्या हातात यादी. यादी कानडीत.
गावात कानडी वाचणारी मी एकटी,
खानापूरच्या वसतिगृहात राहून, बारावीला दोनदा बसून.
शाळा मराठी. मास्तर पावसाचे चार महिने येत नाहीत,
आणि उरलेल्या आठांत येतात ते चार पोरांसाठी.

तो म्हणाला, ऊरल्लि एष्टु मने?

मने म्हणजे घरं. मला माहीत होतं.
पण बाकीच्यांच्या कानांत ते मराठीच पडलं
आणि सगळे हातातलं धरून तसेच थांबले.
असं कधी कुणी विचारलंच नव्हतं
रेशनवाल्यानं नाही, मतं मागायला येणाऱ्यांनी नाही
की गावात मनं किती.

मष्णूमामाने दातांत धरलेला वेल सोडला.
‘माझीच दोन हायत की वो.
एक हितं, नाचणीच्या वाफ्यात, रात्री गवा हाकलत बसलेलं.
आन एक खाली, उद्यमबागेत, पोराच्या पत्र्याच्या खोलीत.
थितं नळाला पाणी येतंय. दवाखाना हाय.
पावसात ह्ये तिकडं जातंय,
थितं गेलं की फाउंड्रीचा भोंगा ऐकून परत पळतंय.’
माणसाला मराठी अर्धंमुर्धं कळत होतं.
त्याने दोन बोटं दाखवली.
मामानेही दोन दाखवली.
त्याने लिहिलं: एरडु.

मी सांगायला हवं होतं.

शेवंताकाकूने विचारलं, मेलेल्याचं धरत्यात काय?
तिच्या नवऱ्याला आम्ही खुर्चीला बांबू बांधून
सात किलोमीटर नेलं होतं,
डांबरी दिसेपर्यंत तो बोलत होता,
म्हशीला पेंड घाला म्हणत होता.
तिचं मी कानडीत केलंच नाही.
कसं करायचं?

मग माझी जन्मतारीख.
अठरा पूर्ण असली की वेगळं कुटुंब धरतात,
वेगळी रक्कम, वेगळा प्लॉट, रस्त्याला लागून.
बाबा साकवाच्या मधोमध उभे राहून मोठ्यांदा आठवत होते:
अस्वलानं ढवळूला मारलं त्या साली,
न्हाय, त्याच्या फुडच्या.
आई म्हणाली, कागद हाय घरात, ओरडू नका, खाली बघा.
माझ्या नावापुढे त्याने लिहिलं ‘कुटुंब’.
सदस्य: एक.
चूल कुणाची, ते त्या रकान्यात नव्हतं.

शेवटी एक ओळ होती सगळ्यांसाठी सारखी:
स्वइच्छेयिंद.
हे मात्र कुणाला समजवावं लागलं नाही,
हा शब्द दोन्हीकडे एकच निघाला.
अंगठे उठले. काही सह्या.
मी म्हटलं, माझी नंतर देते, पेन चालत नाही.
पेन चालत होतं.

दीड महिन्याने नोटीस आली.
मत्तीच्या झाडाखाली, जिथे फोनला रेंज येते,
तिथे बसून मामाला वाचून दाखवली.
पाहणीत आपले दुसरे मने आढळून आले नाही.
पंधरा दिवसांत पुरावा सादर करावा.

मामा बराच वेळ फोनच्या काडीकडे बघत होता,
एक काडी, मग तीही नाही.
‘आढळलं न्हाय?’ तो म्हणाला.
‘कवा आलेले बघायला?’
मंगळवारी, मी म्हटलं.
‘मंगळवारी म्या हितंच हुतो गे,’ असं म्हणून
तो उठला, धोतराला लागलेला पाचोळा झाडला,
आणि नदीचं पाणी किती उतरलंय ते बघायला गेला.